डांबरगोळी, नाकतोडा आणि दिल्लीचा शिक्का

'अहो, त्या केमिकलवर जगभर बंदी आहे' असं कुणी ठामपणे म्हणालं की मला कपाटातली डांबरगोळी आठवते. दिवाळीत ठेवलेली टपोरी गोळी पावसाळ्यापर्यंत वाटाण्याएवढी होते. वितळत नाही, नुसती उडून जाते. शाळेत शिकलेलं संप्लवन ते हेच.

डीडीटी हे कीटकनाशक, ट्रान्सफॉर्मरच्या तेलात वापरलं जाणारं पीसीबी ही मंडळीही अशीच उडतात, फक्त फार सावकाश. तापलेल्या जमिनीतून थोडी वाफ निघते, वारा तिला नेतो, गार हवा लागली की ती पानावर, पाण्यावर बसते. पुन्हा ऊन, पुन्हा उडी. याला शास्त्रज्ञांनी नाव दिलंय नाकतोडा-परिणाम. अशा उड्या मारत काही रेणू आर्क्टिकला पोचतात आणि तिथे पुढच्या उडीपुरती ऊब नसल्याने अडकतात. कार्बन-क्लोरीन बंध चिवट, म्हणून एवढ्या प्रवासातही ते शाबूत असतात. पाण्यात जेमतेम विरघळतात, चरबीत मात्र मुरतात. प्लवक, मासा, सील, माणूस: दर पायरीला मात्रा चढते. १९८०च्या दशकात उत्तर कॅनडातल्या नुनाविकच्या इन्युइट (आर्क्टिकचे मूळ रहिवासी) आयांच्या दुधात दक्षिण क्युबेकमधल्या आयांच्या सुमारे पाचपट पीसीबी सापडलं. (काकडी-लिंबाचं 'डिटॉक्स' पाणी विकणाऱ्यांनी चरबीत मुरलेलं पीसीबी त्या पाण्यात कसं उतरतं, तेवढं सांगावं.)

अशा रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत इन्युइटांची बाजू त्यांच्या नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी लावून धरली. २००१मध्ये स्टॉकहोम करार झाला: अशा चिवट विषारी रसायनांची यादी करायची आणि त्यांवर बंदी किंवा निर्बंध आणायचे. भारत २००६मध्ये त्यात आला तो एक अट घालून: यादीत नवं रसायन आलं, तर आम्ही वेगळी मान्यता देऊ तेव्हाच ते आम्हाला लागू. म्हणजे जिनिव्हातल्या कराराच्या बैठकीत टाळ्या वाजल्या तरी दिल्लीत शिक्का उठेपर्यंत कराराने इथे काही हलत नाही. माझ्या मते पर्यावरणवाद्यांनी सगळा जोर लावावा तो या अटीवर.

आग लवकर पसरू नये म्हणून प्लास्टिकात, फोमात घालायची काही ब्रोमीनयुक्त रसायनं २००९मध्ये यादीत गेली. ती बंद करणारे आपले नियम मार्च २०१८चे, त्यात एकूण सात रसायनं. ही सात रसायनं कराराखाली आपल्याला लागू करायला मंत्रिमंडळाची मंजुरी ऑक्टोबर २०२०ची. एंडोसल्फान या कीटकनाशकाचं मात्र झटपट झालं: एप्रिल २०११मध्ये यादीत, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाची बंदी. केरळातल्या कासरगोडच्या काजूबागांवर हेलिकॉप्टरने झालेल्या फवारणीविरुद्धचा लढा तोवर कित्येक वर्षं चालला होता.

आग विझवायच्या फेसात वापरलं जाणारं पीएफओएसही २००९च्याच यादीतलं. आपल्या सातांत ते नव्हतं.