डॉक्टरांची जागतिक टेनिस स्पर्धा: पुण्याहून अर्ज कसा करायचा, पात्रता काय, कागद कोणते

डॉक्टरांसाठी टेनिसची वेगळी जागतिक स्पर्धा असते, हे पहाटे क्लबात दोन सेट खेळून ओपीडी गाठणाऱ्या पुण्यातल्या अनेक डॉक्टरांना माहीत नसतं. वर्ल्ड मेडिकल टेनिस सोसायटी ही संस्था दरवर्षी वेगळ्या देशात ही स्पर्धा भरवते. वयोगटांनुसार एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरीचे सामने होतात, देशांच्या संघांसाठी नेशन्स कप असतो आणि जोडीला वैद्यकीय परिषदही असते. नेहमीच्या परिषदेत पेपर वाचून झाला की शहर बघायला निघायचं असतं. इथे तो वेळ कोर्टवर जातो. फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, परिचारिका किंवा वैद्यकीय विद्यार्थी असाल तर मेडिगेम्स हा पर्याय आहे. १९७८ पासून चालत आलेल्या या बहुक्रीडा स्पर्धेत टेनिसही असतं आणि तिचं दार सगळ्या आरोग्य व्यावसायिकांना उघडं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. स्पर्धेचा प्रवेशअर्ज हे यातलं सगळ्यात सोपं काम आहे. अडकतात ते सगळे रजा, नाव आणि व्हिसा या तीन ठिकाणी. बहुतेक वेळा एकाच कारणाने अडकतात: एका कागदावरची तारीख किंवा नाव दुसऱ्या कागदाशी जुळत नाही. म्हणून या माहितीत फोरहँडपेक्षा फाइलबद्दलच जास्त आहे.

पात्रता

डॉक्टर असणं ही मूळ अट. पुरावा म्हणून पदवीची प्रत आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नोंदणी प्रमाणपत्र तयार ठेवा. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी सीएमईचे (डॉक्टरांच्या सततच्या प्रशिक्षणाचे) क्रेडिट पॉइंट लागतात. मुदत संपलेलं प्रमाणपत्र आयत्या वेळी हाती येणं ही नेहमीची तऱ्हा आहे, तेव्हा तारीख आजच बघून घ्या. गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (कौन्सिलकडे तुमच्याविरुद्ध काही नसल्याचा दाखला) आणि अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का) यांच्यामागे मात्र धावू नका. परदेशात नोकरी, प्रॅक्टिस किंवा शिक्षणासाठी जाणाऱ्यांना ते लागतात, आठवडाभर खेळून परत येणाऱ्याला नाही. एखादा एजंट ते 'कंपलसरी' आहे म्हणाला, तर कुठल्या नियमाने, एवढंच विचारा.

वयोगट कसा मोजतात यावर हमखास गोंधळ होतो. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या मास्टर्स, म्हणजे प्रौढ वयोगटांच्या, स्पर्धांत त्या कॅलेंडर वर्षात तुम्ही किती वर्षांचे होणार ते बघतात. डिसेंबर १९८१ चा जन्म असेल, तर २०२६ च्या जानेवारीतही तुम्ही ४५ वर्षांवरच्या गटात खेळू शकता. डॉक्टरांच्या स्पर्धेत गट निवडण्याआधी त्या वर्षीच्या नियमपत्रिकेत वय कोणत्या तारखेला मोजलंय ते वाचा. वयाने मोठ्या गटात बसत असूनही धाकट्या गटात नाव द्यायची हौस अनेकांना असते. पहिल्यांदा जात असाल तर नका करू. परदेशी मंडळी या गटांत कसून तयारी करून उतरतात.

प्रवेशअर्ज आणि निमंत्रणपत्र

अर्जात नाव, जन्मतारीख, देश, गट, कोणकोणते सामने खेळणार आणि सोबत कोण येणार, असे नेहमीचे रकाने असतात. दुहेरीसाठी जोडीदार ठरला नसेल तर तसं लिहून ठेवा, म्हणजे आयोजकांना जोडी लावून देता येईल. शुल्क कार्डाने भरणार असाल तर बँकेच्या ॲपमध्ये त्या कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी चालू करा, ते मुळात बंद असतात. बँकेतून थेट पैसे पाठवायचे असतील तर पॅन आणि ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज) लागतो. परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे, म्हणजे त्या मर्यादेची चिंता नको. टूर कंपनीकडून पॅकेज घेतलंत तर त्यावर टीसीएस, म्हणजे कंपनीने तुमच्याकडून गोळा करायचा आयकर, कापला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पावती मात्र सीएकडे पोचली पाहिजे.

शुल्क भरल्या भरल्या आयोजकांकडे निमंत्रणपत्र मागा. ते नुसतं 'डिअर डॉक्टर' असं असेल तर परत पाठवा. पासपोर्टवरचं पूर्ण नाव, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, स्पर्धेचं ठिकाण, पहिला आणि शेवटचा दिवस, आणि प्रवास व राहण्याचा खर्च कोण करणार, एवढं त्यात हवंच. वैद्यकीय परिषदेचा उल्लेख त्याच पत्रात आला तर उत्तम. रजेचा अर्ज, व्हिसाचा अर्ज, विमा, सगळं पुढे याच पत्रावर उभं राहणार आहे.

नावाचा घोळ

हा प्रश्न खास आपल्याकडचा, म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत आणि वडिलांचं नाव स्वतःच्या नावाला जोडून. क्लबात आणि पाटीवर तिसरंच, आद्याक्षरांचं नाव. स्पर्धेच्या अर्जात यातलं फक्त पासपोर्टवरचंच नाव टाका. तिकीट, विमा आणि हॉटेलचं बुकिंगही त्याच नावाने.

लग्नानंतर नाव बदललेल्या डॉक्टरांचा प्रश्न याहून किचकट असतो. एमबीबीएसची पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि कौन्सिलची नोंदणी कधीतरी बदलू म्हणून राहून गेलेली. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा दोन्ही नावांना जोडणारा कागद. नोंदणीच केली नसेल तर १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याखाली ती उशिराही करता येते आणि पुण्यात हे काम महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होतं. कौन्सिलमधलं नाव बदलून घ्यायला वेळ लागतो, म्हणून या स्पर्धेपुरतं पदवी, नोंदणी प्रमाणपत्र आणि विवाह प्रमाणपत्र असा संच एकत्र जोडा आणि सोबतच्या पत्रात दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं एका वाक्यात लिहा. ज्यांनी लग्नानंतरही नाव बदललेलं नाही, त्यांना यातलं काहीच करावं लागत नाही. पतीसोबत जात असाल तर तेवढं विवाह प्रमाणपत्र जवळ असू द्या.

आणखी एक बारीक गोष्ट. १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ सुरू झालं. त्याआधी पुण्यात शिकलेल्यांच्या पदवीवर पुणे विद्यापीठाचं नाव असतं, धाकट्या सहकाऱ्यांच्या पदवीवर नाशिकच्या विद्यापीठाचं. एकाच कॉलेजच्या दोन डॉक्टरांच्या पदव्यांवर दोन विद्यापीठं दिसली तरी त्यात गैर काही नाही.

पासपोर्ट

शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा, नियम असा: पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा आणि दोन पानं कोरी हवीत. नूतनीकरण लागणार असेल तर ऑनलाइन अर्ज करून मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ घ्यायची. प्रादेशिक कार्यालय बाणेर-पाषाण लिंक रस्त्यावर आहे. काही शंका निघाली तर तिकडे चक्कर होते. ३६ पानी पुस्तिकेला १५०० रुपये, तात्काळला वरती २००० रुपये. सरकारी नोकरीतल्यांनी परिशिष्ट एच म्हणजे कार्यालयाला आधी कळवल्याचं पत्र जोडलं तरी चालतं. परिशिष्ट जी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र, मिळेपर्यंत थांबायची गरज नाही. आस्थापना शाखेत हे पुष्कळदा माहीत नसतं.

रजा आणि परवानगी

स्वतःचा दवाखाना असेल तर हा भाग सोडून पुढे जा. सरकारी रुग्णालयातले, वैद्यकीय महाविद्यालयातले आणि महापालिकेतले डॉक्टर मात्र इथूनच सुरुवात करा, पासपोर्टच्याही आधी. नुसती रजा मंजूर होऊन भागत नाही, परदेशी जाण्याची परवानगी वेगळी लागते आणि ती फाइल तुमच्या विभागप्रमुखांच्या टेबलावर संपत नाही. अर्जासोबत निमंत्रणपत्र, पासपोर्टची प्रत, खर्च स्वतः करणार असल्याचं लेखी आणि तुमच्या गैरहजेरीत काम कोण बघणार त्याचं नाव द्या. शेवटचा मुद्दा अर्जात नसला की फाइल तेवढ्यासाठीच परत येते.

आता तारखांचं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ नुसार अर्जित रजेच्या मागेपुढे सार्वजनिक सुट्ट्या जोडता येतात. पण आदेशात रजा सोमवारपासून लिहिलेली आणि तिकीट शनिवार रात्रीचं, असं झालं की व्हिसा अधिकाऱ्याला तो मेळ लागत नाही. सुट्ट्या जोडून घेतल्याचा आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा उल्लेख तारखांसकट आदेशात घालून घ्या. आदेश मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा, किंवा कार्यालयाकडून इंग्रजीत वेगळं पत्र घ्या.

निवासी डॉक्टरांना २०२३ च्या पदव्युत्तर नियमावलीप्रमाणे वर्षाला किमान २० दिवस नैमित्तिक रजा आहे, शिवाय पाच दिवस शैक्षणिक रजा. परिषदेचे दिवस शैक्षणिक रजेत बसवायचे की नाही हे विभागप्रमुख ठरवतात, पण निमंत्रणपत्रात परिषद असेल तर विचारायला तोंड राहतं. किमान ८० टक्के हजेरी लागते, तिचं गणित आधी मांडा.

व्हिसा

यजमान देश शेंगेनमधला असेल तर अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, शंका निघाली तर ४५ दिवसांपर्यंत. त्या शेवटच्या १५ दिवसांच्या भरवशावर राहणं म्हणजे मॅच पॉइंटवर दुसरी सर्व्हिस मारणं. सुट्टीच्या हंगामात अर्जाची वेळ मिळायलाच उशीर होतो. पुण्यात व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीचं केंद्र आहे, पण तुम्ही जाणार त्या देशाचे अर्ज इथे घेतात की मुंबईला जावं लागेल ते त्या त्या देशानुसार बघा. अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार, किंवा प्रवासाचा मुख्य हेतू ज्या देशात आहे, त्याच्याकडे करायचा. स्पर्धा एका देशात आठवडाभर आणि भटकंती दुसऱ्या देशात दहा दिवस असेल, तर खेळण्याच्या हेतूवर भर देऊन ते कसं बसवायचं हे आधी ठरवा. माझं मत विचाराल तर भटकंती आवरती घ्या.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही. व्हीएफएसचं सेवाशुल्क वेगळं. कुटुंबातल्या प्रत्येकाचा अर्ज स्वतंत्र. प्रवासाच्या हेतूच्या रकान्यात 'क्रीडा' हा पर्याय असतो, तोच निवडा. परिषदेबद्दल खालच्या अधिक माहितीच्या रकान्यात लिहा. पर्यटन लिहून सोबत टेनिसचं निमंत्रणपत्र जोडलं की प्रश्न उभे राहतात.

नोकरदारांना पगाराच्या पावत्या, रजेचा आदेश, आयकर विवरणपत्रं आणि सहा महिन्यांचा बँकेच्या शिक्क्याचा खातेउतारा. दवाखानावाल्यांना पगाराच्या पावत्यांऐवजी कौन्सिलची नोंदणी, खाटा असतील तर नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्र, आणि लेटरहेडवर प्रवासाचं कारण व परतल्यावर प्रॅक्टिस पुन्हा सुरू होण्याची तारीख. हे शेवटचं वाक्य छोटं आहे, पण तुम्ही परत येणार हे तेच सांगतं. अर्ज करण्याआधी खातं अचानक फुगवू नका. मोठी रक्कम आली असेल तर ती कशाची, याचा कागद जोडा. तिकिटाचं आरक्षण दाखवा, मात्र पैसे परत न मिळणारं तिकीट व्हिसा हातात येईपर्यंत काढू नका. याआधी शेंगेन व्हिसा घेताना बोटांचे ठसे दिले असतील आणि त्याला ५९ महिने झाले नसतील, तर ते साधारणपणे पुन्हा घेत नाहीत.

विमा, दाखले, सामान

प्रवास विमा किमान ३० हजार युरोचा आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा लागतो. व्हिसासाठी एवढं पुरतं, खेळण्यासाठी पुरेलच असं नाही. व्यावसायिक किंवा स्पर्धात्मक खेळात झालेली दुखापत अनेक पॉलिसींमध्ये वगळलेली असते. हौशी स्पर्धेतली दुखापत धरली आहे का, हे कंपनीकडून ईमेलवर लेखी घ्या. पोटरीचा स्नायू फाटल्यावर परदेशी एमआरआयचं बिल बघून हा प्रश्न सुचण्यात अर्थ नाही.

आयोजकांनी तंदुरुस्तीचा दाखला मागितला तर तो स्वतःच्या सहीने देऊ नका, नवराबायको डॉक्टर असाल तर एकमेकांच्याही नाही. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठीसुद्धा दुसऱ्या डॉक्टरची, जेनेरिक नावांची आणि इंग्रजीत असू द्या. चाळिशीनंतर पहिल्यांदाच सलग पाच-सहा दिवस एकेरी खेळणार असाल, तर सहकारी हृदयरोगतज्ज्ञाला खरोखर दाखवून या, कॉरिडॉरमध्ये गप्पा मारत नव्हे.

प्रौढांची रॅकेट साधारण २७ इंच म्हणजे साडेअडुसष्ट सेंटीमीटर लांब. केबिन बॅगेची मर्यादा बहुतेक विमान कंपन्यांत ५५ सेंटीमीटरच्या आसपास. तेव्हा रॅकेट चेक-इन सामानातच धरा आणि तारा थोड्या सैल करून ठेवा. एक जोडी बूट आणि एका सामन्याचे कपडे हातातल्या बॅगेत असू द्यात, सामान मागे राहिलं तर रॅकेट उसनी मिळते, मापाचे बूट मिळत नाहीत. बालेवाडीच्या हार्ड कोर्टवर सराव असेल आणि स्पर्धा मातीच्या कोर्टवर असेल तर बुटांचे तळवेही वेगळे लागतात.

शेंगेन सीमेवर आता प्रवेश-निर्गमनाच्या नव्या व्यवस्थेत फोटो आणि बोटांचे ठसे डिजिटल नोंदवतात, रांगेला वेळ धरा. निमंत्रणपत्र, परतीचं तिकीट, विमा आणि हॉटेलचं बुकिंग यांच्या छापील प्रती हातातल्या बॅगेत ठेवा. मोबाइलमधल्या प्रतीवर विसंबून राहू नका.