टीव्हीतून निघालेला आवाज होम थिएटरला समजतो का?

टीव्ही बदलला की घरातल्या जुन्या होम थिएटरची पंचाईत होते. डीव्हीडीच्या जमान्यात हौसेने घेतलेला तो संच, त्याचे पाच स्पीकर आणि कोपऱ्यातला वूफर अजून धडधाकट असतो. पण नव्या चपट्या टीव्हीच्या पाठीमागे वाकून पाहिले, तर लाल-पांढऱ्या पिना खोचण्याची जागाच अनेकदा नसते. ‘ऑप्टिकल’ असे लिहिलेले एक चौकोनी छिद्र आणि ‘एआरसी’ ही अक्षरे असलेला एचडीएमआय पोर्ट तेवढा दिसतो. मग दुकानातून मिळेल ती वायर आणली जाते आणि आवाज एक तर येतच नाही, किंवा पाचांपैकी दोनच स्पीकर वाजतात. अशा वेळी दोष बहुधा स्पीकरचा नसतो. टीव्ही आवाज कोणत्या रूपात बाहेर सोडतो आणि पलीकडच्या यंत्राला ते रूप वाचता येते का, हे तपासावे लागते.

लाल-पांढऱ्या वायरींचे काम सरळ होते. हवेतल्या ध्वनिलहरीप्रमाणेच वरखाली होणारा विजेचा दाब त्यांतून जाई, आणि कोणत्याही अ‍ॅम्प्लिफायरला तो समजे. या साधेपणाची किंमत मात्र घुमणाऱ्या आवाजात मोजावी लागे. टीव्ही, केबलची तार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांचे अर्थिंग वेगवेगळ्या ठिकाणी झाले असेल, तर त्यांच्यातल्या किंचित दाबफरकामुळे वायरीच्या बाहेरच्या जाळीतून प्रवाह वाहू लागतो आणि आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण स्पीकरमधून ऐकू येते. ती घालवण्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे महाभाग आहेत. त्याने गुणगुण कदाचित थांबेल, पण यंत्रात बिघाड झाल्यास शॉक बसण्यापासून वाचवणारी वाटही त्याबरोबर बंद होते.

ऑप्टिकल केबलमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. तोशिबा कंपनीने १९८३ साली आपल्या सीडी प्लेअरसाठी ही जोडणी तयार केली आणि म्हणूनच तिला ‘टॉसलिंक’ म्हणतात. टीव्हीतला एक छोटा एलईडी सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करतो आणि त्याचा लाल प्रकाश सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या प्लॅस्टिकच्या तंतूतून, त्याच्या कडांवरून पुन्हा पुन्हा आत परावर्तित होत, पलीकडच्या टोकाला पोहोचतो. केबल काटकोनात मुडपली, तर हा प्रकाश कडेतून निसटतो. नव्या केबलच्या दोन्ही टोकांना पारदर्शक प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या असतात. त्या न काढताच केबल खोचून अर्धा तास सेटिंग्ज चाचपडण्याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने स्वतः घेतला आहे.

आता दोनच स्पीकर का वाजतात, याचे गणित पाहू. टीव्हीचा आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजमाप १६ किंवा २४ बिटांत लिहिले जाते. असे कच्चे, न दाबलेले आकडे म्हणजे पीसीएम. ऑप्टिकल केबलमधून जाणाऱ्या प्रत्येक चौकटीत अशा आकड्यांसाठी दोनच घरे आखलेली असतात, एक डाव्या आणि एक उजव्या स्पीकरचे. पाच स्पीकर आणि वूफर अशा सहा वाहिन्यांचे २४ बिटांचे कच्चे आकडे सेकंदाला सुमारे ६९ लाख बिट होतात. ते या दोन घरांत मावणे शक्य नाही. म्हणून डॉल्बी डिजिटलसारख्या पद्धती मोठ्या आवाजाखाली दबून जाणारे, कानाला एरवीही न जाणवणारे बारकावे गाळतात आणि उरलेल्या सहाही वाहिन्यांची गाठोडी बांधतात. डीव्हीडीवर हे गाठोडे सेकंदाला जास्तीत जास्त ४ लाख ४८ हजार बिटांचे असते, आणि तेवढे त्या दोन घरांत सहज बसते.

अर्थात, गाठोडे सोडणारा पलीकडे हवा. संचातच डॉल्बी डीकोडर आणि ऑप्टिकल इनपुट असेल, तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘पीसीएम’ऐवजी ‘बिटस्ट्रीम’ किंवा ‘डॉल्बी डिजिटल’ निवडावे. मूळ कार्यक्रमाचा आवाज सहा वाहिन्यांचा असेल, तर तो पाचही स्पीकरांत वाटला जातो. संचाला फक्त लाल-पांढऱ्या पिना असतील, तर मध्ये डिजिटलचे अ‍ॅनालॉग करणारी लहान डबी बसवावी लागते. यांतल्या बहुतेक स्वस्त डब्यांना फक्त पीसीएम कळते. डॉल्बीचे गाठोडे समोर आले, की त्या गप्प बसतात किंवा खरखरतात. तिथे टीव्हीला ‘पीसीएम’वरच ठेवणे भाग आहे.

एचडीएमआयची गंमत वेगळी आहे. या केबलमधून चित्र आणि आवाज मुळात टीव्हीकडे येतात. टीव्हीकडून आवाज परत पाठवण्याची उलटी वाट, म्हणजेच एआरसी, २००९ च्या १.४ आवृत्तीत आली आणि तिच्यासाठी तोवर रिकामी असलेली १४ क्रमांकाची पिन कामी आली. त्यामुळे दोन्ही यंत्रांच्या पोर्टवर ‘एआरसी’ लिहिलेले नसेल, तर कितीही महाग केबल घेतली तरी आवाज येणार नाही. जुन्या डीव्हीडी संचांचा एचडीएमआय पोर्ट बहुधा फक्त चित्र बाहेर पाठवणारा असतो. नंतरच्या ईएआरसीने सेकंदाला सुमारे ३ कोटी ७० लाख बिटांची वाट खुली केली, त्यामुळे आठ वाहिन्यांचे कच्चे आकडेही आता जातात.

जोडणी झाल्यावर एक खोड उरते: ओठ आणि शब्द जुळत नाहीत. टीव्हीला चित्रावर संस्कार करायला वेळ लागतो आणि वेगळ्या वाटेने गेलेला आवाज आधी पोहोचतो. ब्लूटूथवर याच्या उलट, आवाज मागे राहतो. आवाज सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला, तरी प्रेक्षकाला खटकू लागते. मागे पडला, तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत ध्यानात येत नाही. उशिराची आपल्याला सवय असते, कारण मैदानात ७० मीटरवरच्या फलंदाजाचा फटका आधी दिसतो आणि त्याचा आवाज एक पंचमांश सेकंदाने कानी येतो. म्हणूनच होम थिएटरच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ डिले’ वाढवताना बातम्यांचे चॅनेल लावावे आणि निवेदिकेच्या ओठांकडे पाहत एकेक पायरी चढावी.