धन्यातलं अत्तर

एप्रिल-मेमध्ये लालबागच्या मसाला गल्लीत शिरलं की आधी मिरचीचा ठसका लागतो, मग कढईतल्या धन्यांचा खमंग वास येतो. मालवणी असो की आगरी-कोळी, वर्षाच्या मसाल्याचं धन्यांवाचून पान हलत नाही. पण अत्तरं बनवणारे धन्यांकडे ज्या वासासाठी वळतात, तो हा नव्हेच. तो तर आपण भाजता भाजता उडवून लावतो.

कच्चे चार धने खलबत्त्यात फोडून लगेच हुंगा. आधी लिंबाच्या सालीचा झणका, मागोमाग गोडसर फुलांचा वास आणि तळाशी किंचित कापूर. धना हे खरं तर बी नव्हे, दोन अर्धुकांचं फळ. ती सुटी केली की प्रत्येकीच्या आतल्या अंगाला तेलाच्या दोन सूक्ष्म नळ्या असतात. दाणा अख्खा असेपर्यंत तेल तिथे सुखरूप राहतं. तेल काढणारे म्हणूनच धने भरडतात आणि वेळ न दवडता वाफेवर चढवतात. भरड तशीच पडून राहिली तर माल हवेत जातो.

या कामात आपले टपोरे देशी धने जरा कंजूषच. शंभर किलोतून बरेचदा अर्धा किलोसुद्धा तेल सुटत नाही. रशिया-युक्रेनकडचे बारीक, गोल, जेमतेम तीन मिलिमीटरचे धने मात्र किलोभर किंवा त्याहूनही जास्त देतात. मशीद बंदरच्या व्यापाऱ्याला असा बारका माल दाखवला तर तो नाक मुरडेल, पण अत्तराच्या धंद्यात त्यालाच भाव.

तेलाचा ६० ते ८० टक्के भाग लिनालूल या एकट्या सुवासिक द्रव्याचा. लॅव्हेंडरमध्येही लिनालूल असतं, तरी दोघांचा वास वेगळा. त्याचं एक कारण मोठं गमतीचं आहे. लिनालूलचा रेणू दोन रूपांत सापडतो, डाव्या-उजव्या पायाच्या चपलांसारखा: अणू तेच, जोडणी तीच, पण एकावर दुसरा बसत नाही. धन्यात मुख्यतः एक रूप, लॅव्हेंडरमध्ये दुसरं. आपल्या नाकाला हा फरक कळतो. धन्यातलं रूप जास्त गोडसर लागतं. कारखान्यात बनलेल्या स्वस्त लिनालूलमध्ये सहसा दोन्ही रूपं निम्मी-निम्मी असतात. कुणी ते धन्याच्या तेलात मिसळलं, तर प्रयोगशाळेत दोन रूपं वेगळी मोजून चोरी पकडता येते.

कोथिंबीर त्याच झाडाची, पण तिचा वास अल्डिहाइड गटातल्या रेणूंचा. ढेकणाचा उग्र दर्पही याच गटातला, त्यामुळे कोथिंबिरीने नाक मुरडणाऱ्यांना मी तरी हसत नाही. हिरव्या धन्यातही हे रेणू असतात. फळ पिकून वाळलं की ते जवळजवळ नाहीसे होतात आणि लिनालूलचं राज्य सुरू होतं.

कढईत मात्र वेगळाच प्रकार घडतो. उष्णतेने लिनालूल वाफ होऊन निसटतं, आणि दाण्यातली प्रथिनांची घटकद्रव्यं व साखर यांच्यातून पायराझीन नावाची नवी संयुगं तयार होतात. भाजल्याचा तो खमंगपणा बराचसा त्यांचा. गल्लीभर दरवळतं त्यात धन्याचं निम्मं अत्तर असतं म्हणायला हरकत नाही!

अत्तरात धन्याचं तेल सहसा मिरवत नाही, दुवा साधतं. लिंबूवर्गीय वास झटकन उडतात, फुलांचे रेंगाळतात. दोघांशी नातं असलेलं लिनालूल मधली फट बुजवतं. कोलोनच्या बाटल्यांत ते म्हणूनच जुनं गिऱ्हाईक. १९७३मध्ये तर पॅरिसच्या जाँ कुतुरिए यांनी ‘कोरियांद्र’ (फ्रेंचमध्ये धने-कोथिंबीर) या नावाचं सेंटच बाजारात आणलं.

साबणाच्या वेष्टणावर ‘लिनालूल’ वाचून मात्र आत धने असतील असं समजू नका. ते बहुधा कारखान्यातलंच असतं. युरोपात ठरावीक प्रमाणापुढे हे नाव छापावंच लागतं, कारण हवा लागून लिनालूल बदललं की काहींच्या त्वचेला त्याची ॲलर्जी होते. धन्याच्या तेलालाही हेच लागू, तेव्हा बाटलीचं बूच घट्ट लावलेलं बरं.