चेंडूकडे न पाहणारे पंच

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू हलला की मैदानातले २२ जण एकदम हलतात. प्रेक्षकांची नजर चेंडूमागे धावते, कॅमेराही तिकडेच वळतो. पंचांपैकी बहुतेकांना मात्र त्या क्षणी चेंडूकडे बघायचेच नसते. चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या किंवा तो फेकणाऱ्याच्या वाटेत येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला त्याचे साथीदार अंगाने थोपवतात. हाच ब्लॉक. थोपवणे नियमात बसते, पण धरून ठेवले तर ते होल्डिंग ठरते. असे पाच-सहा किंवा त्याहून अधिक ब्लॉक एकाच वेळी चाललेले असतात आणि दोन-तीन सेकंदांत संपतात. एका माणसाला हे सगळे दिसणे शक्यच नाही. म्हणून कोणत्या पंचाने कोणावर नजर ठेवायची हे आधीच ठरलेले असते, आणि ही वाटणी जमायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

मुळात हा खेळ रग्बीतून आला आणि रग्बीत चेंडूवाल्याच्या पुढे जाऊन कोणाला अडवणे हा सरळसरळ गुन्हा. १८७९च्या सुमारास प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संघाने चेंडूवाल्याच्या दोन्ही बाजूंना एकेक साथीदार धावता ठेवला, तेव्हापासून हा गुन्हा हळूहळू डावपेच झाला. मग भांडणे वाढली, कारण आता चेंडूपासून दूर काय चालले आहे हेही कोणीतरी बघायला हवे होते. १८८७मध्ये सामन्याला दोन पंच सक्तीचे झाले, रेफरी आणि अंपायर. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला एकाच मैदानात दोघेही असणे जरा विचित्र वाटेल, पण कामे स्पष्ट होती. चेंडूचा न्याय रेफरीने करायचा, खेळाडूंच्या वर्तनाचा अंपायरने. पुढची सगळी वाटणी या एका फाट्यातून निघाली आहे. लगेच पुढच्या वर्षी ब्लॉक करणाऱ्यांना हात पसरायला मनाई झाली आणि अंपायरला नजर ठेवायला एक ठोस गोष्ट मिळाली: हात.

१८९२मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध ‘फ्लाइंग वेज’ आणला. खेळाडूंनी पाचरीच्या आकारात लांबून धावत येऊन धडकायचे आणि त्यांच्या आड चेंडूवाल्याने पुढे सरकायचे. ही कल्पना लोरिन डीलँड नावाच्या, स्वतः कधी फुटबॉल न खेळलेल्या बुद्धिबळप्रेमी माणसाची. दोनच वर्षांत, १८९४ला, ती बंद झाली आणि त्याच वर्षी तिसरा पंच आला, लाइन्समन. १९०६मध्ये पुढे पास टाकायला परवानगी मिळाली, तसा खेळ दाटीतून मोकळ्या मैदानात पसरू लागला.

व्यावसायिक लीगमधली, म्हणजे एनएफएलमधली, पंचांची संख्या बघितली तर खेळ कसा पसरत गेला ते कळते. १९२९मध्ये चौथा पंच आला, १९४७मध्ये पाचवा, १९६५मध्ये सहावा आणि १९७८मध्ये सातवा. सहावा म्हणजे लाइन जज. त्याच्या नेमणुकीचे श्रेय अनेक जण फ्रॅन टार्केंटन या क्वार्टरबॅकला, म्हणजे चाल चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूला, देतात. एका जागी उभा न राहता तो मागे इकडून तिकडे पळत सुटायचा, आणि तो पळाला की ब्लॉक करणाऱ्यांना तेवढा जास्त वेळ समोरच्याला रोखून धरावे लागायचे. अशा वेळी जर्सी धरण्याचा मोह कुठे नेतो ते सांगायला नको.

माझ्या मते या इतिहासातले सर्वांत मोठे वळण १९७८चे. गुण कमी होत होते, बचाव भारी पडत होता, म्हणून पास फेकणाऱ्याला वाचवताना आक्रमक फळीला हात लांब करायला आणि पंजे उघडे ठेवायला लीगने मुभा दिली. त्याच्या चार वर्षे आधी होल्डिंगची शिक्षा, म्हणजे संघाला मागे सरकवायचे अंतर, १५ यार्डांवरून १० यार्डांवर आणली होती. १८८८चे बंधन असे जवळजवळ उलटे झाले. पंजा छातीवर उघडा टेकलेला चालेल, पण त्याच पंजात जर्सी मुठीत आली तर चालणार नाही. फरक काही बोटांचा, आणि तो १२०-१३० किलोची माणसे एकमेकांवर आदळत असताना ओळखायचा! त्याच वर्षी सातवा पंच मिळाला, हे बरेच झाले.

पंच या वाटणीला ‘की’ म्हणतात. एनएफएलमधले आजचे साधारण चित्र असे. क्वार्टरबॅक उजव्या हाताचा असेल तर रेफरी त्याच्या मागे उजवीकडे उभा राहतो. तिथून तिरप्या नजरेत त्याला डावा टॅकल, म्हणजे आक्रमक फळीत डाव्या कडेचा ब्लॉक करणारा, आणि त्याला चुकवून येणारा बचावपटू दिसतो. चेंडू हातातून सुटला की तो कुठे गेला हे रेफरी बघत नाही, फेकणाऱ्याला उशिरा कोणी धडकत नाही ना ते बघतो. त्याच फळीतला मधला सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे गार्ड अंपायरकडे. दोन्ही कडांचे पंच आधी चेंडू ठेवलेल्या रेषेवर कोणी लवकर हलले का ते पाहतात आणि मग टॅकलचे पहिले पाऊल वाचतात. तो मागे सरला तर पास, पुढे झेपावला तर धाव. धाव आपल्या बाजूला आली तर तिथले ब्लॉक त्यांचे. बचावाच्या बाजूला खोल उभे असलेले तिघे पंच रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारे खेळाडू, वाटून घेतात. एका बाजूला तीन रिसीव्हर लावले तर वाटणी बदलते, आणि ती चेंडू हलण्याआधीच्या काही क्षणांत खुणेने पक्की करावी लागते. शिवाय प्रत्येक पकड शिट्टीच्या लायकीची नसते. चेंडू उजवीकडे गेला असताना डाव्या टोकाला कोणी जर्सी ओढली आणि चालीवर परिणाम झाला नाही, तर पंच बहुधा सोडून देतात.

हे शिस्तीत बसवण्याचे श्रेय फार करून आर्ट मॅक्नॅली यांचे. १९६८पासून लीगच्या पंचांची जबाबदारी त्यांच्याकडे होती आणि सामन्यांच्या फिल्म बघून पंचांचे मूल्यमापन करण्याची पद्धत त्यांनी रुजवली. २०२२मध्ये ते हॉल ऑफ फेममध्ये गेले.

वाटणी ठरली तरी उभे कुठे राहायचे हा प्रश्न उरतोच. अंपायर पिढ्यान्‌पिढ्या बचावफळीच्या मागे, लाइनबॅकरांच्या, म्हणजे त्या फळीमागे उभ्या बचावपटूंच्या, घोळक्यात उभा असायचा. तिथून ब्लॉक करणाऱ्याचे पंजे समोरून दिसत, पण धावणारे, रिसीव्हर आणि लाइनबॅकर सगळेच त्याच्यावर येऊन आदळत. काही अंपायरांना गंभीर दुखापती झाल्यावर २०१०मध्ये लीगने त्याला उचलून आक्रमक फळीच्या मागे, रेफरीच्या दुसऱ्या अंगाला नेले. क्वार्टरबॅकांनी कुरकुर केली, कारण अंपायर चेंडू ठेवून मागे पोहोचेपर्यंत त्यांना घाई करता येईना. म्हणून दोन्ही अर्धांच्या अखेरच्या मिनिटांत तो जुन्या जागी परततो. जागा बदलली तसे दिसणेही बदलले. मागून बघताना ब्लॉक करणाऱ्याची रुंद पाठ पंजे झाकते, पण बचावपटू बाजूने निसटत असताना ताणलेली जर्सी स्पष्ट दिसते.

कॉलेज फुटबॉलने यावर वेगळा तोडगा काढला. २०१३मध्ये बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्सने, म्हणजे कॉलेज संघांच्या एका गटाने, आठवा पंच आजमावला. अंपायर बचावाच्या बाजूलाच राहिला आणि नवा सेंटर जज रेफरीच्या दुसऱ्या अंगाला, मागे उभा राहिला. पुढे इतर मोठ्या कॉन्फरन्सही त्याच वाटेने गेल्या. एनएफएलमध्ये मात्र अजून सातच पंच आहेत. चेंडू झेलला की सुटला, पाय रेषेबाहेर गेला की नाही, हे आता रीप्लेवर तपासता येते, पण होल्डिंगवर प्रशिक्षकाला रीप्ले मागता येत नाही. ज्याच्या वाट्याला तो ब्लॉक आला, त्याने रुमाल टाकला तर फाऊल, नाही तर नाही.