बरं वाटत नसेल तर कुत्र्याला घेऊन गड चढायच्या आधी हे वाचा

कुत्र्यांसोबतच्या ट्रेकचं बुकिंग झाल्यावर आम्ही जे पाठवतो ते बहुतेक जण उघडतसुद्धा नाहीत हे आम्हाला माहितीये, तरी निदान एवढं एक वाचा. कारण दर पावसाळ्यात सेम गोष्ट होते. शनिवारी रात्री घसा धरलेला असतो, अंगात कणकण असते, आणि तरी पहाटे साडेचारला माणूस कुत्र्याला घेऊन पिकअपला हजर. का, तर पैसे भरलेत आणि कुत्रा आठवडाभर घरात बसून वैतागलाय. कुत्र्याला काय, पट्टा हातात घेतला की तो तयारच असतो, तुम्हाला 101 ताप आहे हे त्याला कोण सांगणार.

बाहेरच्या कुणाचं कशाला, आमच्यातल्याच एका लीडरचं सांगतो. राजगडचा ट्रेक होता. पहाटे तापाची गोळी घेतली, ताप उतरला, पायथ्याच्या गुंजवण्यात चहा-पोहे झाले आणि गडी एकदम फ्रेश. गोळीचा असर चार-सहा तास टिकतो, म्हणजे तो संपला बरोब्बर चोर दरवाज्याच्या खालच्या कातळात, जिथे रेलिंग धरून चढावं लागतं तिथे. डोळ्यापुढे अंधारी आली म्हणून बिचारा खाली बसला, मग आडवाच झाला. सोबत त्याची मंजू, 22 किलोची गावठी कुत्री, एरवी कुणाच्याही अंगावर जाऊन लाड करून घेणारी. ती मालकाच्या छातीशी उभी राहिली आणि आमच्या दुसऱ्या लीडरवर असे दात विचकले की त्याने हात मागे घेतला. पाणी द्यायचंय, सावलीत न्यायचंय, आणि कुत्री जवळ फिरकू देत नाही! वीस मिनिटं गेली. शेवटी कुणाच्यातरी डब्यातलं उकडलेलं अंडं कामाला आलं.

म्हणून हल्ली पिकअपला प्रत्येक कुत्र्याला आमचा एक लीडर स्वतःच्या हाताने अंडं भरवतो आणि दहा मिनिटं पट्टा धरून फिरवतो. लोकांना वाटतं लाड चाललेत. लाड नाहीत हो, तुम्ही पडलात तर तुमच्या कुत्र्याचा पट्टा कोण धरणार त्याची ती ओळख असते. मालक पडला की सगळ्यात आधी आडवा येतो तो त्याचाच कुत्रा, तेही मायेपोटी, त्यात त्याची काही चूक नाही.

आता ताप असताना का नाही चढायचं. गोळीने ताप उतरतो, आजार तिथेच असतो. अंगात ताप असला की नाडी आधीच वाढलेली असते, साधारण एका डिग्री सेल्सियसला दहा ठोके, त्यावर चढाईचे ठोके आणि घामाने जाणारं पाणी. काही व्हायरल तापांत हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, हे क्वचित होतं पण व्यायामाने ते बिघडतं. आणि आपल्याकडे पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा नाही हे घरबसल्या कुणी ठरवू नये, तशात अंगदुखी थांबवायला आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर घेऊन निघणं तर बिलकुल नको, रक्तस्रावाचा धोका वाढतो. ढोबळ हिशोब असा धरा की त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नुसती सर्दी, नाक गळतंय, तर आम्हाला सांगून या, हळू चालू. छातीत कफ, ताप, अंगदुखी, जुलाब यातलं काहीही असेल तर नको. जुलाब थांबून दोन दिवस झाले असतील तरच या, हा आमचा नियम आहे आणि त्यात घासाघीस नाही.

तुमच्या गोळ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात, चेन लावून. कुत्र्याला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीच देऊ नका, "अर्धीच दिली" वगैरे पण नाही, लिव्हर-किडनीवर जातं. शुगरफ्री च्युइंगममधलं झायलिटॉल, मनुका, चॉकलेट हे पण कुत्र्याला बाधतं, म्हणून तेही त्याच कप्प्यात.

आता आजारी कुत्रा असेल तर. कुत्र्याचं नॉर्मल टेंपरेचरच 101 ते 102.5 फॅरेनहाइट असतं, त्यामुळे अंगाला हात लावून "गरम लागतोय" याला काही अर्थ नाही, थर्मामीटर लावा. सकाळचं खाल्लं नाही, कोपऱ्यात पडून आहे, शेपटी नाही हलवली, तर आणू नका. गोचीड तापाची सुरुवात बऱ्याचदा अशीच असते, आणि पावसाळ्यात गवतातून आल्यावर कानाच्या मागे, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली गोचीड बघायलाच हव्यात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच गार होतो. म्हणून चढताना जीभ खूप बाहेर, लाळ घट्ट, चाल अडखळतेय असं दिसलं की तिथेच थांबा, सावलीत घ्या, पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओता, वारा घाला आणि तडक डॉक्टर. अशा वेळी तोंड दुपट्ट्याने बांधायचं नाही, धाप बंद झाली की सगळंच बंद. उचलून आणायची वेळ आली तर चादरीची झोळी करून दोघांनी न्यायचं, 22 किलो खांद्यावर घेऊन कातळ उतरता येत नाही, आम्ही करून पाहिलंय.

वाटेतल्या डबक्यातलं पाणी कुत्र्याला पिऊ देऊ नका. उंदराच्या मुतातून त्यात लेप्टोचे, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचे, जंतू येतात. कुत्र्याची लेप्टोची लस दर वर्षी लागते, तुमच्या पायाला जखम असेल तर तुम्हीही त्यात उतरू नका. ट्रेकनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप आला, पोटऱ्या दुखायला लागल्या तर डॉक्टरांना ट्रेकचं आणि कुत्र्याचं आवर्जून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

कळसूबाईला कुत्रे का नेत नाही असं खूप जण विचारतात. ते अभयारण्य आहे आणि वाटेत लोखंडी शिड्या आहेत, विषय संपला.

पैशाचं म्हणाल तर गाडी सुटेपर्यंत कधीही कळवा, तारीख पुढे ढकलून देतो, एक रुपया कापत नाही, डॉक्टरची चिठ्ठी मागत नाही. गाडी सुटल्यावर मात्र गाडीचा खर्च आमच्याही हातात नसतो. पहाटे चारला मेसेज करायला संकोच वाटू देऊ नका, आम्ही जागेच असतो, अंडी उकडत. नुसतं "बरं नाही" आणि कुत्र्याचं नाव टाका, त्याच्या वाटणीचं अंडं लीडर खाईल.