हौशी निसर्गनोंदकर्त्यांचा गौरव

पोटापाण्यासाठी दुसरेच काम करून आपल्या परिसरातील प्राणी, पक्षी, कीटक व वनस्पती यांच्या नोंदी वर्षानुवर्षे ठेवणाऱ्या व्यक्तींच्या कार्याला मिळणारी मान्यता. पदक किंवा पुरस्कार देणे, नव्या जातीला त्यांचे नाव देणे, शोधनिबंधात सहलेखक म्हणून स्थान देणे आणि त्यांच्या नोंदवह्या जतन करणे, ही तिची प्रमुख रूपे. यांतील शेवटचे रूप सर्वांत महत्त्वाचे असूनही त्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते.

‘हौशी’ हा शब्द येथे जत्रेतल्या हौशा-गवशांसाठी नाही. या कामाचा पगार मिळत नाही, एवढाच त्याचा अर्थ. जाती ओळखण्याचे कौशल्य आणि लिहिण्याची शिस्त या बाबतींत असा माणूस पगारी संशोधकाच्या तोडीचा असू शकतो. शेवाळे, दगडफुले, कोळी, निशाचर पतंग यांसारख्या दुर्लक्षित गटांत तर एखाद्या प्रदेशातील एकमेव जाणकार हौशी असल्याचेही आढळते.

निसर्गनोंदीला चार गोष्टी अनिवार्य असतात : काय दिसले, कोठे, केव्हा आणि कोणी पाहिले. संख्या, वर्तन, अधिवास व हवामान यांची जोड मिळाल्यास तिचे मोल वाढते. मात्र एकटी नोंद फारसे बोलत नाही. तेच ठिकाण त्याच पद्धतीने वीस-तीस वर्षे पाहिले गेले, की काय वाढले, काय घटले आणि काय नाहीसे झाले ते दिसू लागते. ठरलेल्या वेळी जाऊनही अमुक पक्षी दिसला नाही, हे लिहून ठेवणारा म्हणूनच मोठे काम करत असतो. संशोधन प्रकल्पाचा निधी सहसा काही वर्षांत संपतो, विद्यार्थी पदवी घेऊन निघून जातात. त्याच गावात राहणारा माणूस मात्र त्याच ओढ्याकाठी पुन्हा जातो.

या परंपरेतील एक आद्य नाव म्हणजे इंग्लंडमधील सेलबॉर्न येथील धर्मोपदेशक गिल्बर्ट व्हाइट (१७२०–१७९३). तोवर एकच समजल्या जाणाऱ्या चिमुकल्या पर्णवटवट्या या पक्ष्यांच्या तीन निराळ्या जाती आहेत, हे त्यांनी मुख्यत्वे आवाजावरून ओळखले. १७६८ पासून मृत्यूच्या वर्षापर्यंत त्यांनी निसर्गाची दैनंदिनी ठेवली. त्यांच्याशी पत्रव्यवहार असलेले नॉर्फोकचे जमीनदार रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली : पहिले फूल, झाडांना फुटलेली पालवी, बेडकांचा पहिला आवाज, पाकोळ्यांचे आगमन. त्यांच्या वंशजांनी हा क्रम १९५८ पर्यंत चालवला. हवामानबदलाचा विचारही कोणाच्या मनात नसताना लिहिलेल्या या नोंदी आज ऋतुचक्रातील बदल मोजण्यासाठी वापरल्या जातात.

अमेरिकेत मार्गारेट मोर्स नाइस यांनी विद्यापीठात कोणतेही पद नसताना, संसार व मुली सांभाळून, ओहायो राज्यातील आपल्या घराजवळच्या गाणाऱ्या चिमण्यांचा अभ्यास केला. पायांत रंगीत कडी घालून त्यांनी एकेक पक्षी ओळखता येईल असा केला आणि त्याचे आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या टिपले. या कामासाठी १९४२ मध्ये त्यांना अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेचे ब्रूस्टर पदक मिळाले.

सामूहिक कामाचे ठळक उदाहरण जर्मनीतील क्रेफेल्ड येथील कीटकअभ्यासक मंडळाचे आहे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळात हौशी अभ्यासकांचा भरणा होता. १९८९ पासून २७ वर्षे त्यांनी ६३ संरक्षित ठिकाणी तंबूच्या आकाराचे सापळे लावले, सापडलेल्या कीटकांचे वजन केले आणि नमुने मद्यार्कात जपून ठेवले. उडणाऱ्या कीटकांचे एकूण वजन या काळात तीन-चतुर्थांशांहून अधिक घटल्याचा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर खळबळ उडाली. त्या शोधनिबंधाच्या लेखकांत मंडळाच्या सभासदांचीही नावे आहेत. आभाराच्या एका ओळीपेक्षा हा गौरव कितीतरी न्याय्य आहे.

खास हौशी अभ्यासकांसाठी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गविज्ञानाच्या संस्थेने १९६३ मध्ये ब्लूमर पुरस्कार सुरू केला. ऑस्ट्रेलियात १९३९ मध्ये स्थापन झालेले निसर्गेतिहास पदक व्हिक्टोरियातील क्षेत्रनिसर्गअभ्यासकांच्या संस्थेकडून दिले जाते. पहिले पदक १९४० मध्ये पत्रकार व पक्षिअभ्यासक ॲलेक चिझम यांना मिळाले.

जातीला नाव देण्याची प्रथा याहून टिकाऊ. शास्त्रीय नावाच्या दुसऱ्या पदात व्यक्तीचे नाव लॅटिन षष्ठी प्रत्ययासह येते. स्वतः शोधलेल्या जातीला स्वतःचेच नाव देणे शिष्टसंमत नाही, त्यामुळे हा मान नेहमी दुसऱ्याकडून येतो. साताऱ्यात जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकेन तथा ‘ईहा’ हे सीमाशुल्क व मीठ खात्यातील अधिकारी. १८८३ मध्ये बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत ते होते आणि त्यांचे नाव ॲनोफेलीस एटकेनी या डासाला मिळाले आहे. मात्र अशा नावांच्या यादीत साहेबांची नावे भरपूर आणि त्यांना रानवाटा दाखवणाऱ्या, प्राण्याचा माग काढून देणाऱ्या स्थानिक माणसांची नावे अगदी थोडी आहेत. ही उणीव आजही पुरती भरून निघालेली नाही.

गौरवाचा निकष चुकला तर कामाची दिशाही चुकते. दुर्मिळ पक्षी प्रथम पाहणाऱ्याचेच कौतुक होत राहिले, तर लोक दुर्मिळतेमागे धावतात आणि रोजच्या चिमण्या-कावळ्यांची मोजणी मागे पडते. नेमकी तीच मोजणी पुढे उपयोगी पडते. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज परिसरातून १८९२ ते १९३० या काळात आलेल्या दुर्मिळ पक्ष्यांच्या अनेक नोंदी संशयास्पद ठरून १९६२ मध्ये यादीतून वगळण्यात आल्या. तेव्हा पारखून न घेतलेली नोंद गौरवाला पात्र नाही. छायाचित्र, ध्वनिमुद्रण किंवा जतन केलेला नमुना मागितल्याने प्रामाणिक नोंदकर्त्याचा अपमान होत नाही, उलट त्याचे काम पक्के होते. सत्काराच्या निमित्ताने संकटग्रस्त प्राण्याच्या घरट्याचा वा बिळाचा नेमका ठावठिकाणा जाहीर होणार नाही, याचीही काळजी घ्यावी लागते.

२००२ मध्ये ई-बर्ड आणि २००८ मध्ये आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची संकेतस्थळे सुरू झाल्यापासून नवी नोंद निरीक्षकाच्या नावासह लगेच साठवली जाते. जुन्या वह्यांचे तसे नाही. माणूस गेल्यावर घर आवरताना त्या रद्दीत जातात आणि चाळीस वर्षांचे काम एका दुपारी संपते. संग्रहालय किंवा ग्रंथालयाने वह्या ताब्यात घेणे, त्यांची पाने स्कॅन करणे, नमुन्यांवरील चिठ्ठ्या जपणे आणि पुढील प्रत्येक वापरात मूळ निरीक्षकाचे नाव कायम ठेवणे ही कामे खर्चिक असली, तरी गौरवाचा गाभा तीच आहेत. ती निरीक्षक हयात असतानाच करावीत, कारण वहीतील संक्षेप आणि ‘वाकड्या झाडापलीकडचे डबके’ अशा जागा त्याच्याशिवाय कोणालाच उलगडत नाहीत. त्याच्याजवळ बसून, नकाशा समोर पसरून, अशा एकेका जागेवर खूण करून घ्यावी लागते.