दुखापतीनंतर कामावर परतणं (लाइट ड्यूटी, पर्यायी काम)

कामावर असताना इजा झाली, उपचार झाले, आणि आता माणूस पूर्ण बरा नाही पण घरी बसून राहावं इतका आजारीही नाही, या मधल्या काळात त्याला नोकरीत टिकवून टप्प्याटप्प्याने कामाला लावायची व्यवस्था म्हणजे हा विषय. मोठ्या कंपन्यांचे एचआरवाले याला डिसॅबिलिटी मॅनेजमेंट म्हणतात, शॉपफ्लोअरवर लाइट ड्यूटी म्हटलं की सगळ्यांना कळतं. लाइट ड्यूटी म्हणजे नेमकं काय हे इथे वेगळं सांगत बसत नाही, जड उचलायचं नाही, नाइट शिफ्ट नाही, उभं राहायचं काम कमी, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

ही कल्पना कुठून आली यावर एकमत नाही. एक मत असं की सगळं विम्याच्या कायद्यांतून आलं, म्हणजे जर्मनीचा 1884 चा अपघात विमा कायदा, ब्रिटनचा 1897 चा भरपाई कायदा आणि त्याच वळणावर आपला 1923 चा कामगार भरपाई कायदा, जो 1 जुलै 1924 पासून लागू झाला. दुसरं मत असं की कायद्यांनी फक्त पैसे दिले, जखमी माणसाला परत कामाचं करायचं हा विचार पहिल्या महायुद्धातून हात-पाय गमावून आलेल्या सैनिकांमुळे पुढे आला. आपल्याकडे या दुसऱ्या मताला चांगला आधार आहे, क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट ही अपंग सैनिकांना धंदेशिक्षण देणारी संस्था 1917 मध्ये मुंबईच्या गव्हर्नरांच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत सुरू झाली आणि साधारण 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याजवळ खडकीला गेली, म्हणजे भरपाई कायद्याच्या काही वर्षं आधीच. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 चं, तेही लष्कराचंच. नागरी बाजूला मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था 1955 ची. तिसरं मत अमेरिका-कॅनडाच्या अभ्यासकांचं, ते म्हणतात की हे वेगळं शास्त्र म्हणून बहुधा 1980 च्या आसपास उभं राहिलं, कारण विम्याचा खर्च मालकांना झेपेना. नावापुरतं ते बरोबर असेलही, पण कॅनडातली या विषयाची राष्ट्रीय संस्था 1994 ची, खडकीपेक्षा 77 वर्षांनी धाकटी, त्यामुळे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे. मात्र खडकीत नवा धंदा शिकवायचे, जुन्या मालकाकडे जुन्याच नोकरीत परत पाठवणं हा भाग तिथे नव्हता, आणि नेमका तोच भाग भारतात आजही कच्चा आहे.

टक्केवारी. भारतीय कायद्याने सगळ्यात जास्त मेहनत कशावर घेतली असेल तर इजेच्या टक्केवारीवर. 1923 च्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात कुठला अवयव गेला की कमाईची क्षमता किती टक्के गेली याचा तक्ता आहे: अंगठा 30, तर्जनी पूर्ण गेली तर 14, तिचं फक्त टोक हाड न जाता कापलं गेलं तर 5, मधलं बोट 12, अनामिका किंवा करंगळी 7, एका हाताची चारही बोटं 50, खांद्यातून हात गेला तर 90. वरच्या हाताचा खुंट 20.32 सेंटीमीटरपेक्षा कमी उरला तर 80 टक्के, आणि कोपराखालच्या खुंटाचं माप 11.43 सेंटीमीटरचं आहे. हे विचित्र आकडे म्हणजे सरळ 8 इंच आणि साडेचार इंच, इंचाचे सेंटीमीटर केले आणि बाकी तक्ता तसाच ठेवला. ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विम्याच्या, कायद्यातही (1948) जवळपास हाच तक्ता आहे.

आता याचा हिशोब बघा. पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर) एकाची उजवी तर्जनी गेली, रोजची सरासरी मजुरी 600 रुपये धरू. ईएसआयमध्ये पूर्ण कायम अपंगत्वाचा दर मजुरीच्या 90 टक्के म्हणजे 540 रुपये, त्याचे 14 टक्के म्हणजे रोज 75 रुपये 60 पैसे, महिन्याला ढोबळमानाने 2,268 रुपये, आणि हे आयुष्यभर, तो परत कामावर लागून पूर्ण पगार घेत असला तरीही. पण ज्याचं सगळं काम चिमटीत धरून जॉब, म्हणजे पत्र्याचा तुकडा, डायमध्ये (साच्यात) ठेवायचं आहे त्याचं नुकसान 14 टक्केच झालं का, हा प्रश्न तक्त्याला पडत नाही. कोर्टाला पडला. 1976 मध्ये छापलेल्या प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबता या निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला तर तो सुतार म्हणून 100 टक्के गेला, एका हाताने सुतारकाम होत नाही. 2011 मध्ये छापलेल्या राज कुमार विरुद्ध अजय कुमार या वाहन अपघाताच्या निकालात हेच जास्त सविस्तर आलं: शरीराचं अपंगत्व किती आणि त्या माणसाच्या धंद्याचं नुकसान किती, हे दोन वेगळे आकडे. तरी टक्केवारी ठरवणाऱ्या मेडिकल बोर्डाची गाडी अजून तक्त्यावरच चालते.

फिट किंवा अनफिट. खरी अडचण तात्पुरत्या अपंगत्वात आहे. अपघाताचा दिवस सोडून किमान 3 दिवस काम बंद राहिलं की ईएसआयकडून मजुरीच्या 90 टक्के मिळतात, मालक अपघाताचा रिपोर्ट फॉर्म 12 मध्ये देतो (किंवा देत नाही, आणि मग सगळं अडतं), विमा दवाखान्याचा डॉक्टर दर वेळी सर्टिफिकेट वाढवत जातो आणि शेवटी एक दिवस फायनल सर्टिफिकेट देतो, उद्यापासून फिट. पण ईएसआय कायद्याचं कलम 63 सांगतं की ज्या दिवशी काम करून मजुरी घेतली त्या दिवसाचा हा लाभ नाही. कायदा करणाऱ्यांना दुहेरी पैसे टाळायचे होते हे उघड आहे, पण त्याचा परिणाम असा की रोज तीन तास येऊन हात सवयीला लावावा म्हटलं तर कामगार तीन तासांच्या मजुरीसाठी पूर्ण दिवसाचे 90 टक्के घालवणार, असा सौदा कोण करेल? मग माणूस पूर्ण बरा होईपर्यंत घरी बसतो, आणि घरी बसलेल्याचं मशीन तोवर दुसऱ्याला मिळालेलं असतं. नोकरीचं संरक्षण आहे, कलम 73 प्रमाणे लाभ चालू असताना काढता येत नाही, पण नियम 98 मध्ये सलग सहा महिने किंवा जास्त तात्पुरता लाभ घेतला की नोटीस देऊन काढायची वाट मोकळी ठेवलेली आहे. आणि औद्योगिक विवाद कायद्यात सततच्या आजारपणामुळे काढलं तर ती छाटणीच धरत नव्हते, म्हणजे छाटणीची भरपाईही नाही.

हे दोन्ही जुने कायदे, भरपाईचा आणि ईएसआयचा, आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातलेत, ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. वर दिलेले कलमांचे आकडे जुन्या कायद्यांचे आहेत, कारण निकाल आणि ऑफिसातली बोलाचाली अजून त्यांवरच आहे.

बाहेर काय करतात ते बघितलं तर फरक लगेच दिसतो. जर्मनीत ज्याला हॅम्बुर्ग मॉडेल म्हणतात त्यात कामगार कागदावर आजारीच असतो, पैसे विमा फंड देतो, आणि तो रोज दोन-चार तास कामावर येऊन काही आठवड्यांत तास वाढवत नेतो. शिवाय 2004 पासून तिथे 12 महिन्यांत सहा आठवड्यांपेक्षा जास्त आजारपण झालं की मालकाने स्वतः बोलावून काय बदल करता येतील ते विचारायचं, कामगाराची हरकत नसेल तर. ब्रिटनने 6 एप्रिल 2010 पासून सिक नोट बंद करून फिट नोट आणली, त्यावर डॉक्टर लिहू शकतो की तास कमी केले, काम बदललं किंवा जागेत फेरफार केले तर हा माणूस येऊ शकेल. कॅनडातल्या ओंटारियोत 20 किंवा जास्त कामगार असलेल्या मालकावर, वर्षभर नोकरी झालेल्या जखमी कामगाराला परत घ्यायचं बंधन दोन वर्षांपर्यंत असतं. तिथेही तक्रारी आहेतच, प्रीमियम वाढू नये म्हणून प्लॅस्टरमधल्या माणसाला दुसऱ्या दिवशी आणून नुसतं खुर्चीवर बसवतात ही त्यातली जुनी.

परिणामांचा पुरावा म्हणून कॅनडाच्या क्यूबेकमधल्या शेरब्रुकचा 1997 चा पाठदुखीवरचा अभ्यास नेहमी सांगतात. ज्या गटात दवाखान्यातले उपचार आणि कामाच्या जागेतले बदल दोन्ही केले तो गट नेहमीच्या उपचारांवरच्या गटापेक्षा सुमारे 2.4 पट वेगाने कामावर परतला, आणि त्यात जास्त वाटा कामाच्या जागेवरच्या बदलांचा होता. म्हणजे फिजिओथेरपीइतकंच, किंबहुना जास्त, सुपरवायझरने टेबलाची उंची बदलली का यावर अवलंबून असतं.

सरकारी नोकरी. इथे चित्र बरंच वेगळं आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम 47 ने आणि नंतर 2016 च्या कायद्याच्या कलम 20(4) ने सांगितलं की नोकरीत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, पद खाली आणायचं नाही, जुनं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं, तेही नसेल तर जादा पद तयार करून त्यावर ठेवायचं. कुणाल सिंग (2003) या खटल्यात पाय गेलेल्या जवानाला, पेन्शन मिळते म्हणून हा हक्क जात नाही असं कोर्टाने सांगितलं. भगवान दास (2008) मध्ये पंजाब वीज मंडळाचा लाइनमन आंधळा झाला, त्याने स्वतःच निवृत्ती मागितली आणि मंडळाने ती देऊन टाकली, त्यावर कोर्टाचं म्हणणं की त्याला हक्क माहीत नव्हता तर अधिकाऱ्यांनी सांगायचा होता. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण बरीच माणसं अशीच, स्वतःच अर्ज लिहून, बाहेर पडतात.

यात सगळ्यात मुरलेली व्यवस्था रेल्वेची. लोको पायलटला ए-1 ही सगळ्यात कडक मेडिकल कॅटेगरी लागते, नजर उतरली की तो डिकॅटेगराइज होतो, म्हणजे त्या कॅटेगरीतून बाहेर पडतो, स्क्रीनिंग कमिटी पर्यायी पद शोधते, तोवर तो जादा पदावर राहतो, आणि रनिंग स्टाफ (चालत्या गाडीवर काम करणारा) असल्यामुळे नव्या पदाचा पगार ठरवताना मूळ पगारात 30 टक्के धरतात. माणूस केबिनमधून उठून ऑफिसच्या टेबलावर येतो, मानाने कमी वाटत असेल, पण चूल बंद पडत नाही.

खाजगी कंपनीला यातलं काहीच लागू नाही. 2017 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण प्रसिद्ध करायचं, 20 किंवा जास्त माणसं असतील तर जास्त तपशिलाने, एवढंच. त्यामुळे लाइट ड्यूटी द्यायची की नाही हे युनियनचा करार असेल तर करारावर, नसेल तर साहेबाच्या मर्जीवर.

कंत्राटी कामगारांबद्दल फार लिहिण्यासारखं हाती नाही. भरपाई मूळ मालकाकडून मागता येते, मग त्याने ती ठेकेदाराकडून वसूल करायची, पण परत कामावर घेण्याबद्दल कायद्यात काही नाही आणि ठेकेदार बदलला की नोंदही राहत नाही. सेफ इन इंडिया ही संस्था वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांतल्या, मुख्यतः गुरुग्राम-मानेसर पट्ट्यातल्या, बोटं गेलेल्या कामगारांच्या नोंदी 2019 पासून छापते आहे, पण त्यांचा भर अपघात टाळण्यावर आणि ईएसआय मिळवून देण्यावर आहे. ऊसतोड, वीटभट्टी, नाका कामगार यांच्याकडे परत यायला ठरावीक कामाची जागाच नसते, बांधकामवाल्यांना कल्याण मंडळाची नोंदणी असेल तर अपंगत्वाची मदत मिळते, काम मात्र परत नाक्यावर उभं राहूनच शोधावं लागतं.